पोस्टातून आलेला पाऊस

यवतमाळात पत्र आधी गल्लीला येतं, मग पत्त्यावर. ही तक्रार नव्हे, ही इथली व्यवस्था आहे. पूर्वी पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं, हे पोस्टमनच्या हातातच दिसायचं. ज्याचं पत्र त्याच्यापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या बाया चुलीवरचं भांडं उतरवून दारात आलेल्या असत. लग्नाच्या पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू, त्यामुळे तिच्यातही गुपित म्हणावं असं काही नसे. तारीख आणि जेवण कुठल्या मंगल कार्यालयात, एवढंच वाचायचं उरे. शिर्डीला मनीऑर्डर केली की पावतीसोबत उदीची पुडी यायची आणि पाकिटाची शिवण जराशी सैल असली तर पोस्टमनच्या खिशापासून आमच्या उंबरठ्यापर्यंत सगळ्यांना थोडाथोडा प्रसाद मिळायचा. पाकीट डिंकानं चिकटवतात ते पाठवणाऱ्याच्या समाधानासाठी, असं माझं जुनं मत आहे.

या गावात, माझ्या नावानं, दर महिन्याला एक सुगंधी पत्र येऊ लागलं.

पुण्याच्या माझ्या भाचीनं वाढदिवसाला वर्षभराची वर्गणी भरून दिली होती. कशाची, ते मला फोनवर काही केल्या कळेना.

"दर महिन्याला एक थीम असते मावशी. त्या थीमवरचं एक लांब पत्र, त्याला त्या थीमचा सुगंध, आणि सोबत एक आर्ट प्रिंट. फ्रेम करण्यासारखं."

"पत्र कोण लिहितं?"

"कंपनी लिहिते."

"मला कशाला लिहिते?"

"तुला एकटीला नाही गं, सगळ्यांना तेच जातं."

"मग ते पत्र कसं? ते परिपत्रक झालं."

माझी सारी नोकरी शाळेत गेली. परिपत्रक मी पाठमोरं ओळखते. पण सुगंधी परिपत्रक तोवर पाहिलं नव्हतं. जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामाचे आदेश जर कधी मोगऱ्याच्या वासाचे आले असते, तर आमच्या स्टाफरूममधल्या आजारपणांचं प्रमाण थोडं तरी घटलं असतं.

पहिलं पाकीट फेब्रुवारीत आलं. थीम: लव्हेंडर. पोस्टमनदादांनी ते इतर टपालापासून लांब, दोन बोटांत धरून आणलं होतं.

"बाई, हे तुमचंच हाय नं? सकायपासून अख्खी थैली घमघमून रायली."

घमघमून राहिली होती हे खरं. पण थैलीत माझं एकटीचं पाकीट नव्हतं. त्या दिवशी आमच्या गल्लीत विजेची दोन बिलं, विम्याचा एक हप्ता, एका नातवाचं परीक्षेचं प्रवेशपत्र आणि बाजूच्या भाऊंना आलेली बँकेची नोटीस, असं सगळं टपाल फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांताचा वास घेऊन घरोघर गेलं. बाजूचे भाऊ म्हणजे नऊ एकर कोरडवाहूचे धनी. शेत कळंब रोडला, घर आमच्या भिंतीला भिंत लावून. ते नोटीस घेऊन थेट माझ्या ओसरीवर आले. चेहरा गंभीर.

"बाई, बँकेनं नोटीसले अत्तर लावून धाडलं. मंजे रक्कम मोठी असंन."

मी त्यांना समजावून सांगितलं की वास नोटिशीचा नाही, माझ्या पत्राचा आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. कर्जमाफीच्या याद्या, हप्त्यांची पुनर्रचना, पीकविम्याचे अर्ज यांतून गेलेल्या माणसाला कागदाच्या वासावर संशय येणं साहजिक आहे. त्यांनी नोटीस पुन्हा एकदा हुंगली आणि म्हणाले, "मायबाप गोड बोलाले लागले की भेव वाट्टे."

पत्र मात्र मोठं मासलेवाईक होतं. वर सूचना होत्या: एक शांत कोपरा निवडा, गरम चहा हाताशी ठेवा, फोन बाजूला ठेवा, तिसऱ्या परिच्छेदापाशी आलात की कागदाचा उजवा कोपरा बोटानं हळुवार घासा आणि डोळे मिटा. आता आमच्या घरी शांत कोपरा म्हणजे देवघर, आणि तिथं चहा चालत नाही. शेवटी मी गच्चीवर गेले. तिसऱ्या परिच्छेदापाशी कोपरा घासून डोळे मिटले, तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "काऊन बाई, चक्कर येऊन रायली का?" आणि मी डोळे उघडायच्या आत खालून लिंबूसरबत आलं. त्या पत्रात एकांताची बरीच स्तुती होती.

खरं सांगायचं तर सुगंधी टपाल ही काही पुण्यातल्या पोरांची अक्कल नव्हे. आपल्या सरकारी डाकखात्यानं ती करामत कधीच करून ठेवली आहे. 13 डिसेंबर 2006 रोजी चंदनाच्या वासाचं 15 रुपयांचं तिकीट निघालं, ते भारताचं पहिलं सुगंधी तिकीट. पुढच्याच फेब्रुवारीत गुलाबाची चार तिकिटं आली, 2008 मध्ये जाईजुईच्या जातकुळीची, आणि 2017 मध्ये कॉफीचं, शंभर रुपयांचं. शंभर रुपयांत यवतमाळच्या बसस्टँडवर दहा जणांना कॉफी नाही तरी चहा पाजता येतो आणि तो चाटल्यावर डिंकही लागत नाही. पण छंदी माणसांनी ते तिकीट घेतलं. भूतानसारख्या चिमुकल्या देशानं तर 1973 सालीच गुलाबाच्या वासाची तिकिटं काढली होती. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ग्रामोफोनवर वाजणारी तिकिटं काढली, म्हणजे पत्र उघडायच्या आधी पाकीटच राष्ट्रगीत म्हणू शकत होतं. कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डाच्या पुढची ही पायरी.

या वासाची युक्ती साधी आहे. सुगंधी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब कवचात बंद करून शाईत मिसळतात; कागद घासला की कवचं फुटतात आणि वास सुटतो. म्हणजे तिकिटावर पहिला जोरकस घाव बसतो तो डाकघरातल्या शिक्क्याचा. त्यामुळे चंदनाचा पहिला दरवळ प्रेयसीला नाही, दुपारच्या टपालावर धडाधड शिक्के मारणाऱ्या कारकुनाला मिळत असणार. मला हे फार न्याय्य वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळणाऱ्या माणसाला एवढं तर मिळायलाच हवं.

2019 मध्ये डाकखात्यानं भारतीय अत्तरांवर तिकिटं काढली, त्यांत एक संत्र्याच्या फुलांचं होतं. विदर्भात हे तिकीट विकणं म्हणजे आमचाच बहार आम्हाला चिकटवून देणं. आंबिया बहाराच्या दिवसांत रात्री वरुड-मोर्शीकडून एस.टी.नं या, खिडकीची काच नीट बंद होत नसतेच, त्यामुळे तिकिटाच्या पैशात वास येतो. कोपरा घासावा लागत नाही.

आणि पत्त्यावरचा तो 445001? तो सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी ज्यांनी देशाला दिला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, डाकखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. काव्य रचणाऱ्या माणसानं अख्ख्या देशाला आकड्यांत बसवलं, आणि आम्हाला 445 दिला. वासाला मात्र पिनकोड लावायची सोय त्यांनाही जमली नसती.

आता चित्रांचं. फेब्रुवारीच्या पाकिटात जांभळ्या शेताचं चित्र होतं. ते मी दिवाणखान्यात लावलं. आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबायचा आणि एकच विचारायचा: "हे पीक कोणतं?" लव्हेंडर म्हटलं की पुढचा प्रश्न: "एकरी किती पडते?" मला सांगता येईना, त्यामुळे माझी गावातली पत थोडी घसरली. निवृत्त शिक्षिकेनं भिंतीवर असं पीक लावू नये ज्याचा उतारा तिला ठाऊक नाही.

एप्रिलच्या पाकिटाची थीम होती 'कापणी'. कागदाला वाळक्या गवताचा वास आणि आत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या गव्हाच्या गंजीचं चित्र. मोनेनं 1890-91 च्या सुमारास आपल्या शेजाऱ्याच्या शेतातल्या गंज्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हापुन्हा रंगवल्या. सकाळची गंजी, सांजची गंजी, बर्फातली गंजी. पत्रात त्याबद्दल बरंच हळवं लिहिलं होतं. बाजूचे भाऊ आले, चष्मा लावला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"कडब्याची गंजी हाय."

"हो. पण त्यातला उजेड बघा."

"उजेड ठीक हाय. पण उघड्यावर रचली. वरतं ताडपत्री नाही."

मी सांगितलं की यांतलंच एक चित्र 2019 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात 11 कोटी डॉलरच्या वर गेलं, आपल्याकडच्या हिशेबात साडेसातशे कोटी रुपयांच्या पुढं. भाऊ खाटेवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले:

"गंजी इकली का चित्र?"

"चित्र."

"अन् गंजी कोनाची होती म्हणता?"

"शेजाऱ्याची."

"मंग त्या शेजाऱ्याले काय देल्लं?"

कलेच्या इतिहासाची पुस्तकं मी बऱ्यापैकी चाळली आहेत, पण हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. त्यानंतर भाऊ माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले. मी त्यांच्या शेताच्या बाजूला उभी राहिले की विचारायचे, "बाई, पाहूनच रायल्या नं? काढून नाही रायल्या?"

पण चित्रांच्या बाबतीत यवतमाळला कुणी नवशिकं समजू नये. आमच्याकडे छापील चित्रं येण्याचा मार्ग फार जुना आणि फार वाकडा आहे. इंग्रजी अमलात इथला कापूस मँचेस्टरला जायचा. तो न्यायला म्हणून मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज लाईन 1903 च्या सुमारास एका इंग्रज कंपनीनं टाकली. लोकांनी तिला पुढं शकुंतला म्हटलं. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं; सत्तर वर्षांहून जास्त धावलं आणि 1994 मध्ये डिझेलच्या इंजिनाला जागा देऊन थांबलं. आता गाडीही बंद आहे. तर कापूस जायचा आणि त्याचं कापड होऊन परत यायचं. त्या कापडाच्या ताग्यांवर मिलवाल्यांनी रंगीत छापील चित्रं चिकटवलेली असत: लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, फुलं वेचणारी बाई. गिऱ्हाईक अक्षर न वाचता चित्रावरून माल ओळखायचं. ताग्यावरचं ते चित्र हलक्या हातानं सोडवून लोक भिंतीला लावत. आमचा कापूस साता समुद्रापार नेऊन बदल्यात साहेबानं आम्हाला आमचीच लक्ष्मी छापून पाठवली. आर्ट प्रिंटची वर्गणी यापेक्षा महाग कुणी भरली असेल असं वाटत नाही.

तिकडं 1894 मध्येच राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि सरस्वती, लक्ष्मी, दमयंती घराघरांत शिरल्या. कुणी त्या छापील चित्रांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून साड्या नेसवायचे. मग मासिकं आली, 'मनोरंजन'नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढं दीनानाथ दलालांची, मुळगावकरांची मुखपृष्ठं आली. ती फाडून चौकटीत बसवण्याबद्दल आमच्या आईची आणि वाचनालयाची कायम धुसफूस असायची. आणि हे काहीच नसेल त्या घरी कृषी केंद्राचं कॅलेंडर. वर कमळातली लक्ष्मी, खाली कीटकनाशकाचं नाव, मधे बारा महिने. दर महिन्याला एक पान, थीम ठरलेली, किंमत शून्य; फक्त बियाणं त्याच दुकानातून घ्यायचं.

ही सगळी हकिकत मी भाचीला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मावशी, तू याचा आनंद घे ना, चौकशी काय लावलीयस?"

आनंद घेतच होते. मे महिन्याच्या अखेरपर्यंत.

तेव्हा आलेल्या पाकिटाची थीम होती 'पहिला पाऊस'. पुण्यात बसून जूनची थीम ठरवताना हे सुचणं स्वाभाविक आहे. तिथं पहिला पाऊस म्हणजे भजी. आमच्याकडे तो पाऊस म्हणजे वर्षाचं अंदाजपत्रक. आणि पाकीट पोचलं ते ऐन उन्हाच्या तडाख्यात, जेव्हा यवतमाळात दुपारी बारा ते चार या वेळेत फक्त कुलर आणि कुत्री जागी असतात, आणि कुत्रीही कुलरच्या मागं.

त्या कागदाला लावलेला वास साधासुधा नव्हता. कनौजला अत्तरवाले भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्यासोबत उकळतात, ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि त्यातून ओल्या मातीचं अत्तर काढतात. कंपनीनं पत्राला तेच लावलेलं होतं आणि हात सैल सोडून लावलेलं होतं. पोस्टमनदादा गल्लीच्या तोंडाशी आले आणि दारं उघडू लागली. कुणी अंगणात आलं, कुणी गच्चीवर गेलं. एका आजीनं वाळवणाच्या कुरडया उचलल्या. दोघांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ निळंशार, टिपूस नाही, आणि वास मात्र असा की अंगावर शहारा यावा.

भाऊ पाय न धुता, तसेच खाटेवरून उठून आले.

"कुठी पडला?"

"कुठं नाही पडला. पत्रातून येतोय."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. हुंगलं. डोळे मिटले, पत्रातल्या सूचनेप्रमाणं डोळे मिटणारा अख्ख्या यवतमाळात तो पहिला माणूस. मग पाकीट उलटंसुलटं केलं, शिक्का पाहिला.

"पुन्यावरून आला मंजे तिकडं सुरू झाला असंन."

हसू आलं, पण हसले नाही. कारण हा माणूस तेव्हा धूळपेरणीच्या विचारात होता. धूळपेरणी म्हणजे कोरड्या मातीत बी टाकायचं आणि पावसावर भरवसा ठेवायचा. पाऊस वेळेवर आला तर शेजाऱ्याच्या आधी उगवतं, हंगाम साधतो. चार सरी देऊन तो पसार झाला तर बियाण्याच्या पिशव्या पुन्हा विकत आणायच्या. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. शेतकरी दरवर्षी ऐकतो, मान डोलावतो आणि मग आभाळ, मुंग्या, कावळ्याचं घरटं आणि शेजारी यांचा सल्ला घेतो. त्या यादीत आता माझं टपाल शिरायच्या बेतात होतं.

"भाऊ, हे अत्तर आहे. कारखान्यातलं."

"ते समजलं मले. पन वास तं तोच हाय नं?"

"तोच आहे."

"मंग खोटा कसा?"

यावर काय बोलणार? शेवटी मी पत्रातला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. "खिडकीत उभे राहा. मनातली धूळ खाली बसू द्या." भाऊंनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात मिलिमीटर कुठी लिवले?" मिलिमीटर नव्हते. त्यांनी पेरणीचा विचार पुढं ढकलला. मृग निघाला, कोरडा गेला, आणि नंतर पाऊस आला तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आधी माझ्या दाराकडं पाहिलं.

त्या दिवसापासून मला गावात एक वेगळंच स्थान मिळालं. बाईंकडे हवामान येतं, असं लोक म्हणू लागले. जुलैत कुणीतरी येऊन विचारलं, पुढच्या पाकिटात काय आहे? मी म्हटलं, समुद्र. तो माणूस काळजीत पडून गेला.

मग माझ्या डोक्यात आलं, हा धंदा उलट्या दिशेनं का करू नये? पुण्याहून यवतमाळला फ्रान्सचा वास येतो, तर यवतमाळचा वास पुण्याला जायला हरकत काय? मी वही काढली आणि महिने मांडायला घेतले.

जानेवारीत जिनिंग. रेच्यातून निघणारी रुई, हवेत उडणारे तंतू आणि सरकीचा तो जडसर, तेलकट वास. पाकीट उघडल्यावर वाचकाला शिंक आली पाहिजे, तरच अस्सल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. झरी जामणी, केळापूर, घाटंजीकडं पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. कोलाम आणि गोंड कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात आणि सगळं रान गोड, आंबूस, अंगावर येणारं घमघमतं. मे महिन्यात काय घालावं यावर फार विचार केला. उन्हाला वास असतो, पण तो पाकिटात गेला तर पाकीट राहणार नाही. ऑक्टोबरात आमचा दुर्गोत्सव: धूप, झेंडू, जनरेटरचं डिझेल आणि कढईतलं तेल, सगळं एकाच कागदावर.

ऑगस्ट-सप्टेंबरचं पान मात्र कोरं ठेवलं. त्या दिवसांत इथल्या शिवारात फवारणीचा वास असतो. 2017 साली तो नाकातोंडात जाऊन या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कृषी केंद्राच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीखाली जे नाव छापलेलं असतं, त्याचा हा वास. त्यावर कोपरा घासा नि डोळे मिटा असं लिहायला माझी लेखणी धजेना.

बाकीचे महिने होते. सुरुवात मोहफुलांनी करायची ठरली, कारण ती सुकवली की वर्षभर टिकतात आणि आठवडी बाजारात मिळतात. मी किलोभर घेतली, निवडली, कापडी पिशवीत भरली, सोबत चार पानी पत्र लिहिलं (हातानं, एकाच माणसाला, म्हणून परिपत्रक नव्हे) आणि चित्र म्हणून भाऊंच्या गंजीचा, ताडपत्रीसकट, मोबाईलवर काढलेला फोटो छापून घातला. फोटो काढायच्या आधी भाऊंनी विचारलं, "इकला तं माह्या हिस्सा किती?" निम्मा ठरला. मोनेनं ही चूक सुधारायला सव्वाशे वर्षं वाट पाहिली म्हणायची.

पार्सलवर काय लिहावं, यावर ओसरीत बैठक बसली. मोहफुलं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं फुलं येत नाहीत, बाटली येते. त्यात पार्सल नागपूरमार्गे गेलं तर वर्धा जिल्ह्यातून जाणार, आणि वर्ध्याला गांधीजींच्या पुण्याईनं दारूबंदी. सुकलेली फुलं नुसती बंदीतून न्यायलाही जीव दचकतो. मी म्हटलं, लपवायचं कशाला, खरं ते लिहू. 'सुकी मोहफुलं, खाद्य' असं ठसठशीत लिहिलं. भाऊंना ते पटलं नाही. त्यांनी आतल्या कापडी पिशवीवर त्यांच्या नातवाकडून एक चिठ्ठी चिकटवून घेतली, ती मला पार्सल गेल्यावर कळली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मनुका.

वरचा कागद खोक्यासकट पुण्याच्या कचऱ्यात गेला असावा आणि माझं चार पानी पत्र वाचायला भाचीला 'शांत कोपरा' सापडला नसावा. कारण आठवड्यानं तिचा फोन आला तो भलत्याच उत्साहात.

"मावशी, मनुका कसल्या भारी होत्या गं! सोसायटीच्या सत्यनारायणाला खिरीत घातल्या सगळ्या. वास तर लिफ्टपर्यंत. लोकांनी दोनदोन वाट्या मागून घेतल्या, वॉचमनकाका तर पातेलंच घेऊन बसले. ते म्हणे तुमच्याच दिग्रसकडचे आहेत. खीर खाताना नुसते हसत होते, का ते सांगेचनात."

मी काही बोलले नाही.

"आणि सगळे विचारतायत, याची वर्गणी किती? दर महिन्याला येतं का?"

मी फोनवर हात ठेवला आणि भिंतीपलीकडं भाऊंना हाक मारली.